शनिवारचं बारसं

आमच्या ऑफिसात दर शनिवारी दुपारी तीन वाजता बारसं असायचं. पाळणा नाही, बाळंतीण नाही, गाणी म्हणायला बायका नाहीत. घुगऱ्या मात्र असायच्या. साहेब घरून पितळी डब्यात उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या आणायचे, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून ठेवायचे, लाल-निळी पेन्सिल कानावर अडकवायचे आणि म्हणायचे, "हं बाई, आणा तुमची लेकरं."

माझी लेकरं म्हणजे माझ्या प्रोग्रामचे तुकडे.

ऐंशीच्या दशकातली ही मधली वर्षं. मोहाडीच्या आमच्या बीज केंद्रात तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. केंद्र धानाच्या बियाण्याचं. शेतकऱ्यांकडून आलेलं धान चाळायचं, वाळवायचं, त्यातलं किती उगवतं ते तपासायचं, पोती भरायची आणि पेरणीच्या आधी गावोगाव पाठवायची, एवढं आमचं काम. मशीनसाठी वेगळी थंड खोली केली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. बारसं करणारे साहेब आमच्या मशीनच्या कामाचे प्रमुख; केंद्राचे मॅनेजरसाहेब वेगळे, ते तर आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचे. नंतर आजूबाजूला पाहून घ्यायचे, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मी अड्याळची. नागपूरला मामाकडे राहून वर्षभर कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि या केंद्रात सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. सहा महिन्यांत काम जमलं तर कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे दिघोरीचं एक स्थळ माझी वाट पाहत होतं. मुलगा बरा होता, वाईट बोलायला जागा नाही. पण त्या घरात कॉम्प्युटर नव्हता आणि मला तो सोडायचा नव्हता. बाबांनी मला सरळ सांगितलं होतं, "सहा महिने देतो माय. मंग तू मले काई म्हनू नको." त्यांची खरी अडचण वेगळीच होती. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करते, की त्यांना सांगता यायचं नाही. "मोहाडीले हापिसात बसते," एवढंच म्हणायचे, आणि नुसतं बसायला पोरीला परगावी कशाला ठेवायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

तर लेकरं. प्रोग्राम म्हणजे मशीनला सांगितलेल्या कामांची जंत्री. काम मोठं असतं म्हणून त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, नाव घेतलं की मशीन तो तुकडा चालवतं. मशीनला नावाचं सोयरसुतक नसतं. तुम्ही तुकड्याला 'गणपत' म्हणा, ते मुकाट्यानं काम करील. नागपूरच्या सरांनी आम्हाला 'पॅरा-एक', 'पॅरा-दोन' असंच लिहायला शिकवलं होतं आणि पहिल्या शनिवारी मी तसाच कागद घेऊन गेले.

साहेबांनी पहिल्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "पॅरा-एक. हे कोण?"

"साहेब, ते उगवणीचा आकडा वाचतं."

"ते तुम्ही सांगताय. हे कुठं सांगतंय?" असं म्हणून त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "मंगरू!"

मंगरू आमच्या गोदामाचा माणूस. पोती उतरवणं, रचणं, मोजणं, सगळं त्याच्याकडे. जातीचा ढीवर, पहाटे तलावावर जाळं टाकून आठला केंद्रावर हजर. चौथीपर्यंत शिकलेला. तो चपला काढून, धुळीचे हात मागे धरून आत आला.

"मंगरू, पॅरा-एक म्हटलं तर तुले काय समजलं?"

मंगरूनं प्रामाणिकपणे छताकडे पाहून विचार केला. "काई नाई जी."

सर्रकन लाल रेघ. मग पॅरा-दोन, पॅरा-तीन, अशी अकरा लेकरं माझी त्या दिवशी नापास झाली. घुगऱ्या मंगरूला मिळाल्या, साहेबांनी खाल्ल्या, मला नाही. नापास नावाला घुगऱ्या नाहीत असा नियम होता, आणि हा माणूस नियमाच्या बाबतीत इतका कोडगा होता की माझ्यासमोर बसून एकेक दाणा चवीनं खात होता. मी खोलीवर जाऊन रडले. वर त्या दिवशी भूकही लागली होती, म्हणून जास्तच रडले.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. मशीनला आज्ञा इंग्रजीत लागतात, त्या द्या. नावं आपली आहेत, ती आपल्या भाषेत ठेवा. मशीनला देवनागरी येत नाही, तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा, तीस अक्षरांच्या आत. आणि नाव ऐकून मंगरूला काम कळलं पाहिजे. "तुम्ही उद्या नसाल, मी नसेन. पोती उचलणारा तर असेलच ना," असं ते म्हणायचे. मंगरूला हे सगळं अगदी पटलेलं होतं. त्यानं मला एकदा समजावूनही सांगितलं, "बाई, आमच्यात झिंग्याचं जाळं येगळं, मरळीचं येगळं. नाव घेतलं का घरची बाई समजते आज चुलीवर काय येनार हाय. तुमच्या मशीनमंदी सारेच जाळे, अन् नाव एकाचंई नाही. मंग मासा कोनता येईन?"

नावांचं हे वेड मशीनबरोबर आलेलं नव्हतं. साहेबांच्या टेबलाजवळच्या स्विचांवर चिठ्ठ्या होत्या: 'माझा पंखा', 'येणाऱ्याचा पंखा', 'हा चालत नाही'. पाण्याच्या माठावर खडूनं रोज सकाळी लिहायचे, 'आज भरलेलं', आणि भरलेलं नसेल तर 'कालचं, विचार करून प्या'. केंद्राच्या आवारात एक तपकिरी कुत्रा होता. लोक त्याला मोती म्हणायचे, कारण लोक प्रत्येक कुत्र्याला मोती म्हणतात. साहेब त्याला 'दारात झोपणारा' म्हणायचे. पुढे उन्हाळ्यात तो कुत्रा जीपखाली झोपायला लागला, तर सोमवारी सकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून गंभीरपणे सांगितलं की आजपासून त्याचं नाव 'जीपखाली झोपणारा'. ड्रायव्हर हसला. पण त्या दिवसापासून जीप काढण्याआधी तो खाली वाकून पाहायला लागला, हेही मी पाहिलं आहे.

त्यांच्या घरी मी एकदा संक्रांतीला गेले होते. फळीवरच्या डब्यांवर 'तांदूळ, रोजचा', 'तांदूळ, पाहुणे आले तर', 'साखर, संपत आलेली' असं लिहिलेलं. काकूंनी तिळगूळ हातावर ठेवत म्हटलं, "लग्न झालं तेव्हा मले भीती वाटे, माह्यावरई चिठ्ठी लावतीन म्हनून." आतून साहेबांचा आवाज आला, "लावली असती, पण तीस अक्षरांत बसली नसती."

हसायला येतं, पण टेबलावरची ती काचेची कुपी आठवली की हसू थांबतं. औषधाची असते तेवढी लहान कुपी, आत पाच-पन्नास काळपट धानाचे दाणे. मी बरेच दिवस विचारलं नाही. मग मंगरूनंच सांगितलं. सत्तरच्या दशकात साहेब दुसऱ्या एका गोदामात कारकून होते. तिथं पोत्यांवर 'क-४', 'ड-२' अशा खुणा असायच्या. कुठली खूण तपासलेल्या धानाची आणि कुठली राहिलेल्याची, हे एका जुन्या माणसाला तोंडपाठ होतं. तो आजारी पडला. साहेबांनी अंदाजानं गाडी भरून दिली. ते बियाणं दिघोरीकडच्या एका टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, गेलं आणि तिथल्या लोकांचे पऱ्हे उगवलेच नाहीत. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी आधी दाट पेरून घेतलेली धानाची रोपं. ती नाहीत तर रोवणी नाही, आणि रोवणी नाही तर वर्षच गेलं.

"एक बाई आलती जी," मंगरू म्हणाला. "बोलली नाही, रडली नाही. पदराची गाठ सोडून चिखलाचं धान टेबलावर ठेवलं अन् निंगून गेली. थेच हाय ते."

त्यानंतर मी घुगऱ्यांवरून कुरकुर करणं सोडलं. नावं सुधारायला लागली. 'उगवण-वाच' पहिल्या फटक्यात पास झालं. 'कमी-उगवणीचा-लॉट-अडव' ऐकून मंगरूनं मांडीवर थाप मारली आणि मला दोन मुठी घुगऱ्या मिळाल्या. पास झालेलं प्रत्येक नाव साहेब एका जाड वहीत देवनागरीत लिहायचे. समोर काम काय, आणि शेवटी 'ऐकून कळलं' म्हणून मंगरूची सही. त्या वहीला आम्ही बारशाची वही म्हणायचो. बारसं झाल्याशिवाय लेकरू कामाला लावायचं नाही, हा दुसरा नियम.

आणि तिसरा नियम, ज्यावरून पुढचं सगळं घडलं: एका नावात 'आणि' आलं तर ते एक लेकरू नाही, जुळं आहे. त्यांना वेगळं करा, दोघांना दोन नावं द्या.

माझे सहा महिने मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संपत होते. त्याच आठवड्यात बियाण्याच्या गाड्या निघायच्या होत्या, आणि शुक्रवारी नागपूरहून एक मोठे अधिकारी मशीन पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर माझा प्रोग्राम चालायचा होता. काम असं होतं. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, ऐंशी उगवले नाहीत तर तो लॉट नापास. प्रोग्राम नापास लॉटवर खूण करायचा, मग खूण केलेल्या लॉटची यादी छापायचा, आणि ती यादी हातात धरून मंगरू पोती बाजूला काढायचा. यादीत नाव नाही ते पोतं गाडीत, एवढं सोपं.

बुधवारी खास बारसं ठेवलं होतं. सगळं पास होत गेलं आणि साहेब शेवटच्या तुकड्यावर आले. 'यादी-छाप'.

"हे यादी छापतं," मी म्हणाले.

"आणखी काही करतं?"

"तसं काही नाही. थोडी साफसफाई."

पेन्सिल थांबली. "कसली साफसफाई?"

"यादी छापून झाली की लॉटवरच्या खुणा पुसतं. दुसऱ्या दिवसाचे नवीन आकडे येतात ना, मग जुन्या खुणा मध्ये नकोत. वेगळा तुकडा कशाला लिहायचा? चार ओळी कमी लागल्या."

"मग नावात ते का नाही?"

"साहेब, लहानशी गोष्ट आहे!"

"लहान असो. घरात दोन माणसं राहतात आणि दारावर पाटी एकाची. मी सही करणार नाही."

मी तेव्हा काय काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणाले, तुमचं काय जातं, कायम तुम्ही आहात, घरी मला जावं लागेल. एका नावासाठी तुम्ही माझं नशीब अडवून बसलात. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं. घुगऱ्या त्या दिवशी कुणीच खाल्ल्या नाहीत.

ही बातमी मॅनेजरसाहेबांपर्यंत पोचली. गुरुवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "मी ऐकून राहिलो ते खरं हाय का? परवा गाड्या निंगाच्या हायेत, उद्या नागपूरचे साहेब येऊन राहिले, अन् हे नाव ठेवून राहिले? कागद आणा इकडं. माही सही चालते." त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. "उद्या हे चाललं का तुमची ऑर्डर मी शनिवारी काढतो. नाही चाललं तं माह्या हातात काई नाही."

कागद आणायला मी मशीनच्या खोलीत आले. सही मिळत होती, नोकरी मिळत होती. खरं सांगते, मी ती घेणारच होते. फक्त जाण्याआधी साहेबांना एकदा दाखवायचं होतं की त्यांच्या हट्टानं नाव किती हास्यास्पद होतं. म्हणून मी मुद्दाम, निव्वळ रागानं, 'यादी-छाप' खोडून त्यावर लिहिलं: 'यादी-छाप-आणि-खुणा-पूस'. मंगरू दारात पोत्यांचे आकडे द्यायला उभा होता. मी त्याला तावातावानं वाचून दाखवलं. "सांग, हे काय करते? ऐक अन् सांग तुह्या साहेबाले."

"यादी छापते," मंगरू सावकाश म्हणाला. "अन् खुना पुसते." मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "अन् बाई, यादी फाटली तं?"

"फाटली तर परत छापायची."

"पन खुना तं पुसल्या ना जी."

मी हातातला कागद परत वाचला.

"मागच्या हप्त्यात तीनदा कागद फसला त्या छापाच्या मशीनमंदी," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेले यादी कोरीच येईन. कोरी यादी म्हंजे सारेच लॉट पास. मी तं सारे पोते गाडीत टाकीन."

कितीतरी दिवस मी तो तुकडा रोज पाहत होते, दहा वेळा चालवून पाहिला होता, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण 'यादी-छाप' या नावाकडे पाहून कुणालाही तसं काही सुचलंच नसतं. नावात खरं लिहिल्याबरोबर चौथी शिकलेल्या माणसानं एका दमात चूक काढून दाखवली. साहेबांनाही ती चूक दिसली नव्हती बरं का. त्यांना फक्त एवढं दिसलं होतं की पाटी एकाची आहे आणि राहतात दोघं.

मी कागद घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले नाही. साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "जुळं आहे. चुकलं माझं." त्यांनी वर पाहिलं, खुर्ची ओढून दिली आणि स्वतःच्या हातानं 'येणाऱ्याचा पंखा' चालू केला. संध्याकाळच्या आत मी दोन तुकडे वेगळे केले. 'अडवलेल्या-लॉटची-यादी-छाप' आणि 'दिवस-संपल्यावर-खुणा-पूस'. मंगरूनं दोन सह्या केल्या.

शुक्रवारी नागपूरचे अधिकारी आले. मॅनेजरसाहेबांनी उंबऱ्याला हात न लावता आत येऊन दाखवलं. गोदामासमोर दोन गाड्या उभ्या होत्या, पहिली दिघोरीची. भरणं सकाळपासून सुरू होतं, कारण यादी दहाला मिळेल असं ठरलं होतं आणि नेहमीप्रमाणे पाहुणे साडेअकराला आले. मी यादी छापायला लावली. छपाईचं मशीन करकर करत पाच लॉट छापून गेलं आणि नेमका कागद एका बाजूला सरकला, गोळा झाला, टर्रकन फाटला. मॅनेजरसाहेबांचा चेहरा त्या कागदासारखाच झाला. घाईघाईनं त्यांनी फाटका तुकडा मंगरूच्या हातात कोंबला. "हे घे, पाच लॉट हायेत, काढ बाहेर." अधिकाऱ्यांना म्हणाले, "पाच आहेत साहेब, एवढंच."

"परत छापा की," अधिकारी सहज म्हणाले.

मी साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीशी उभे होते, एक हात खिशात. मी नवीन कागद लावला आणि परत तेच नाव चालवलं. करकर, करकर. पाच नंबर आले. सहावा आला. सातवा आला. मग यादी संपली.

"सात," मंगरू मोठ्यानं म्हणाला.

अधिकाऱ्यांना मजा वाटली. "अजून एकदा?" तिसऱ्यांदा छापली. परत सात, तेच, त्याच क्रमानं. "सात!" मंगरू असा ओरडला की बाहेर जीपखाली झोपणारा भुंकायला लागला. आणि मग ते दोन जादा नंबर पुटपुटत त्यानं बाहेर धूम ठोकली, कारण ते दोन्ही लॉट दिघोरीच्या गाडीत चढलेले होते.

आम्ही सगळे मागोमाग गेलो. साहेबांना मी त्याआधी किंवा नंतर पळताना कधी पाहिलं नाही. पन्नाशीच्या पुढचा तो माणूस चाकावर पाय देऊन गाडीत चढला आणि मंगरूबरोबर पोती खाली देऊ लागला. सदरा धुळीनं भरला, कानावरची पेन्सिल पडली. शेवटचं पोतं खाली आल्यावर ते गाडीच्या फळीवर बसले, खिशातून ती कुपी काढली, दाणे तळहातावर ओतले आणि बराच वेळ पाहून परत कुपीत भरले. मग माझ्याकडे पाहून मोठ्यानं हसले. इतका मोकळा, आनंदी चेहरा मी त्यांचा प्रथमच पाहिला. मला रडू येत होतं आणि मीही हसत होते. अधिकाऱ्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी 'मशीन उत्तम चालते' असा शेरा लिहिला आणि जेवायला गेले.

पुढे मी मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या कंपन्यांत काम केलं. तिथं पोरं एकमेकांचे प्रोग्राम तपासतात, पडद्यावरच खूण करतात, सगळं झटपट. मी कुणाच्या नावावर बोट ठेवून विचारते, "हे मंगरूला कळेल का?" आधी त्यांना वाटायचं मंगरू हा कुणी वरचा साहेब असेल. मी तो समज दूर केला नाही.

पण ते सगळं नंतरचं. गाडीतून पोती उतरवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, बाबा आले. सहा महिने संपले होते ना. व्हरांड्यात बाकावर बसले होते, पायाशी एक रिकामी पत्र्याची ट्रंक, माझं सामान न्यायला आणलेली. मॅनेजरसाहेबांनी माझी ऑर्डर सकाळीच काढली होती, ती माझ्या पर्समध्ये होती. पण बाबांना ती कशी सांगावी ते मला समजेना. कायम झाले म्हणाले असते, तर त्यांनी विचारलं असतं, कशात कायम? आणि ते तर मला सहा महिन्यांत सांगता आलं नव्हतं.

तीन वाजले. साहेबांनी डबा उघडला आणि काचेतून बाहेर पाहिलं. "हे कोण?"

"माझे बाबा."

"आत बोलवा. आज मंगरूला सुट्टी."

बाबा चपला काढून आत आले आणि गारव्यानं जरा बिचकले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ते काही बसले नाहीत, टोपी सारखी करून उभे राहिले. साहेबांनी बारशाची वही उघडली आणि म्हणाले, "तुमच्या लेकीनं मशीनला काही कामं शिकवली आहेत. मी फक्त त्यांची नावं वाचतो. मधे मी काही सांगणार नाही, त्याही सांगणार नाहीत. ऐकून जे समजेल ते सांगा."

मग ते एकेक नाव वाचत गेले, शाळेत हजेरी घ्यावी तसे. उगवण-वाच. कमी-उगवणीचा-लॉट-अडव. अडवलेल्या-लॉटची-यादी-छाप. दिवस-संपल्यावर-खुणा-पूस. मधली सगळी. बाबा डोळे मिटून ऐकत होते. कालचे अधिकारी या परीक्षेपुढे काहीच नव्हते. वही मिटल्यावर बाबांनी डोळे उघडले.

"म्हंजे," शेवटी ते म्हणाले, "जे बिजाई उगवत नाही, थे लोकाईच्या धानाच्या बांधीत जात नाही. असंच ना जी?" आणि माझ्याकडे वळून, "हे तू करते?"

"हो बाबा."

"एवढं सारं तू करते, अन् मी लोकाईले सांगतो हापिसात बसते म्हनून!" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "काहून सांगितलं नाही माय?"

साहेबांनी निळ्या टोकानं वहीत खूण केली, वही बाबांपुढे सरकवली आणि 'ऐकून कळलं' या रकान्यात बोट ठेवलं. बाबांनी सही केली. मग त्यांना दोन मुठी घुगऱ्या मिळाल्या, मला दोन मुठी, आणि सुट्टीवर असलेला मंगरू दारातून सगळं ऐकत होताच, त्यालाही दोन. मी पर्समधून ऑर्डर काढून दाखवली. बाबांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि लगेच परत दिली. त्यांना वेगळाच कागद हवा होता. "साहेब, थ्या नावाईचा कागद भेटन काय?"

साहेबांनी वहीतली सगळी नावं सुवाच्य अक्षरात एका कोऱ्या पानावर उतरवून दिली. त्याला पाऊण तास लागला. आम्ही कुणी घाई केली नाही.

संध्याकाळी मी बाबांना अड्याळच्या बसवर बसवायला गेले. कंडक्टरनं ट्रंक टपावर टाकायला उचलली, तर ती हलकी लागून त्याचा तोल गेला. "काय हाय जी यात? काईच नाही?"

"पोरीचं सामान न्यायचं होतं. आता थे येत नाही," बाबा म्हणाले.

"काय करते पोरगी?"

बाबांनी बसमध्ये चढून खिशातून कागद काढला, उलगडला आणि खिडकीपाशी उभं राहून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात पहिलं नाव वाचलं. बस सुटली तेव्हा ते दुसऱ्या नावावर आले होते.